बुधवार ड्रॅगनचा

आमच्या विहिरीवर दर बुधवारी ड्रॅगनची पाळी असते. स्टार्टरच्या पेटीवर तसा कागद चिकटवलाय, खाली दोन सह्या आहेत, आणि सह्या करताना दोन्ही माणसं पूर्ण शुद्धीवर होती.

(ड्रॅगन म्हणजे पंखवाला अजगर, तोंडातून जाळ काढणारा. बेलापूरच्या आसपास आढळत नाही. आमच्याकडे आढळतो तो बिबट्या, उसात.)

विहीर एक आणि भाऊ दोन: माझे वडील नाना आणि धाकटे आबाकाका. आठवड्याचे वार मात्र सात. तीन याचे, तीन त्याचे असे सहा वार वाटले गेले आणि उरला बुधवार. या एका वारापायी दोघांनी तीन वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. बुधवारी लाइट आली रे आली की दोघं मोटरीकडे पळत सुटायचे. जो आधी पोचेल त्याचं पाणी, दुसऱ्याच्या शिव्या. मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो, म्हणजे घरातला शिकलेला मीच. मी सुचवलं, "एक बुधवार नानांचा, एक काकांचा." दोघांनाही पटलं. मग पहिला बुधवार कोणाचा यावरून पुन्हा फाटलं!

यात हाल झाले ते आईचे आणि मावशीचे. दोघी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. अंगण एकच, आणि त्या अंगणात दोन नवरे रोज सकाळी पाठीला पाठ लावून दात घासणार. एकदा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "सुन्या, एवढा शिकलास ना? मंग ह्या दोघांना एका जागी बसवून दाव." तिचे डोळे भरले होते. धूर चुलीचा होता म्हणावं, तर आमच्याकडे गॅस आहे.

तेव्हा मी खेळ काढला. पुण्यात मित्रांबरोबर खेळायचो तोच: एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्याच्या तोंडून बोलायचं आणि मारामारीचा निकाल फाशावर लावायचा. तिकडे आम्ही जादूगार, तलवारबहाद्दर वगैरे असायचो. इथे जादूगार म्हटल्याबरोबर नाना म्हणाले, "भोंदूगिरी घरात नगं." म्हणून साधी गावकरी मंडळीच घेतली. गाव सोनवाडी. नाना धनगर, काका लोहार, मावशी सुईण, आई कुंभारीण. प्रत्येकाला एक कागद दिला: ताकद इतकी, हिंमत इतकी, अक्कल इतकी. (नानांनी आधी काकांची अक्कल किती ते बघितलं, मग स्वतःची.)

काका आले कसे? मावशीनं त्यांना सांगितलं, "तुमचे दादा म्हनत्यात, आबाला हे जमायचं न्हाई." नाना तसं काहीच म्हणाले नव्हते. आईनं नानांनाही हेच सांगून बसवलं होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आवाज खोल करून सुरुवात केली, "सोनवाडीच्या डोंगरावर एक भयंकर ड्रॅगन उतरलाय..."

"डोंगर कुनाच्या नावावर हाय?" नानांनी विचारलं.

"वन खात्याच्या," मी घाईत म्हणालो. तिथेच चुकलो.

"मंग त्याला हाकलायचं काम खात्याचं. अर्ज देऊ."

"अर्जानं काय व्हतंय? पिंजरा लावा," काका माझ्याकडे बघून म्हणाले. "आत शेळी बांधा."

"लोहाराला म्हनावं, शेळी माझी जाती," नानाही माझ्याकडेच बघून म्हणाले.

"नाना, तुम्ही आता धनगर आहात. लोहाराशी थेट बोलायचं. खेळाचा नियम आहे."

आई हातातला फासा घट्ट धरून बसली.

"लोहारा," नाना भिंतीकडे बघत म्हणाले, "शेळी माझी हाय."

"धनगरा," काका छताकडे बघत म्हणाले, "पिंजरा माझा हाय."

तीन वर्षांतलं दोघांचं पहिलं बोलणं! मी मनातल्या मनात उडी मारली. आता लढाई झाली, दोघं खांद्याला खांदा लावून लढले, की काम फत्ते. लढाईची मी तीन पानं लिहून ठेवली होती.

"पर त्यो जाळ का वकतोय?" मावशीनं मधेच विचारलं. "पित्त झालं असंल. पानी पाजा बिचाऱ्याला."

तीन पानं गेली. "हो, त्याला तहान लागलीय," मी म्हणालो. काहीतरी बोलणं भाग होतं. "त्याला गावच्या विहिरीचं पाणी पाहिजे."

"विहिरीवर पाळ्या कुनाच्या?" काकांनी विचारलं.

"तीन वार धनगराचे, तीन वार लोहाराचे," मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

आई माझ्याकडे अशी बघत होती, की मला फासा गिळावासा वाटला. नाना टोपी सारखी करत म्हणाले, "बुधवार त्याला द्या."

"द्या," काका म्हणाले. "धनगराला जान्यापरीस बरं."

खेळात का होईना, भांडण मिटलं, म्हणून मी खुशीत होतो. सोमवारी सकाळी विहिरीवर गेलो, तर पेटीवर कागद! काकांच्या अक्षरात सहा वार दोघांचे आणि पुढे 'बुधवार – ड्रॅगन'. नानांची सही वर, काकांची खाली. मी पोट धरून हसलो.

बुधवारी हसू पळालं. लाइट आली आणि मोटर चालू झाली नाही. दोघं आपापल्या दारात निवांत बसून. पुढच्या बुधवारीही तेच. उन्हं कडक, इतर वारी लाइट जेमतेम तासभर टिकायची, आणि दोन्ही वावरांत लागणीला आलेलं कांद्याचं रोप माना टाकायला लागलं.

"नाना, मोटर चालू करा," मी म्हणालो.

"आज आपली पाळी न्हाई."

"अहो, ड्रॅगन नाहीच आहे! मी बनवलाय तो!"

"त्यो खोटा असंल. शब्द खरा हाय ना? चौघांत दिलाय."

मी हादरलो. काकांकडे धावलो. काका म्हणाले, "दादा पयला शब्द मोडू दे, मंग मी बघतो." मावशी रोपाकडे बघत पदरानं डोळे पुसत होती. एका न जन्मलेल्या प्राण्यानं आमचा कांदा वाळवला होता, आणि त्याचा बाप मी होतो.

एकच उपाय होता. रविवारी सगळ्यांना बसवून मी जाहीर केलं, "ड्रॅगन वारला. छातीत कळ आली."

"अगं बाई," मावशी हळहळली. "सुतक किती दिसांचं?"

"आपल्यातला न्हाई त्यो," आई म्हणाली.

"वारस कोन?" काकांनी विचारलं.

"कोणीच नाही. बुधवार मोकळा झाला."

"आसा कसा मोकळा व्हईल? पाळी वारसाला जाती." काकांनी डोकं खाजवलं. "त्याच्या वतीनं इतके दिस बोलत कोन व्हतं?"

चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

वारसानं बुधवारी दोन्ही वावरं भिजवायची, असं ठरलं. जन्मात कधी दारं न धरलेला मी (दारं धरणं म्हणजे एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बंद करून पुढच्याचं उघडायचं, आमच्याकडे दहा वर्षांचं पोरही धरतं) रजा टाकून खोरं घेऊन चिखलात उतरलो. पहिलं दार बंद करेपर्यंत दुसरं फुटलं. दुसऱ्याकडे धावलो, तर पाणी रस्त्याला लागलं. बांधाच्या या टोकाला नाना बसले होते, त्या टोकाला काका. दोघं बघत होते. मग न राहवून काका उठले आणि नानांच्या शेजारी येऊन बसले.

"दादा," काका म्हणाले, "ह्यानं खोरं उलटं धरलंय."

"व्हय रं आबा," नाना म्हणाले. "लहानपनापास्नं आसाच हाय."

ना लोहार, ना धनगर. मी चिखलात उभा राहून रडलो. ते दोघांना दिसलं, आणि त्यावरही बोलायला त्यांना अर्धा तास पुरला.

रोप जगलं. तेव्हापासून दर बुधवारी दोघं बांधावर मांडीला मांडी लावून बसतात. आई आणि मावशी तिथेच चहा आणून देतात. विषय एकच, मी. गेल्या बुधवारी मात्र सगळे वाफे बिनचूक भरत गेले. बांधावर काहीच आवाज येईना. दोघं गप्प, एक इकडे बघतोय, एक तिकडे. आता पुन्हा पाठीला पाठ लागणार, हे दिसत होतं. मी गुपचूप टाच मारून एक दार फोडलं.

"बघ दादा, फोडलं," काका लगेच म्हणाले.

मुद्दाम फोडलं, असं मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगतोय. अजून एकाचाही विश्वास बसलेला नाही.