लाल पट्टा

लोणंदजवळच्या त्या कारखान्यात पोलाद शुद्ध करायची भट्टी होती. तिच्या पोटात काय चालतं ते बघायला मोठे इंजिनियर होते. महेंद्रकडे फक्त तिचं बाहेरचं रूप. पत्र्याचं कवच, दारं, पायऱ्या, रंग, सगळं त्याच्या ड्रॉइंगवरून व्हायचं. लोक चेष्टा करत, "म्हेंदर भट्टीला झबलं शिवतोय." तोही हसायचा. पण माणूस भट्टीच्या पोटात कधी जात नाही, तिच्या अंगाशीच वावरतो, हे तो जाणून होता.

भट्टीचा एक दांडगा लोखंडी हात गर्रकन फिरायचा. कवचाच्या पायाशी ओटा होता. मधूनमधून माल टाकायला त्यावर जावंच लागे, म्हणून तिथं कठडा घालता येत नव्हता. तो हात जिथवर पोचे, तिथवर महेंद्रने ओट्यावर वीतभर रुंद लाल रंगाचा पट्टा मारून घेतला. त्र्याण्णव साली धाकटा भाऊ कपिल तिथंच कामाला लागला, तेव्हा त्याला एवढंच बजावलं, "लाल पट्टा दिसला की थांबायचं. हात फिरत असताना त्याच्या आत पाऊल टाकायचं न्हाई."

"व्हय की दादा, मी काय बारका हाय का आता?"

दसऱ्याला महेंद्र आईला, बनाबाईला, घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. नोकरी नवी म्हणून कपिल मागे राहिला. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं पुजायची रीत. हरिबा पेंटर तर भट्टीला लक्ष्मीच म्हणायचा. लक्ष्मीच्या अंगावर असले मळके पट्टे बरे दिसतात का? त्याने मनोभावे सगळ्या कवचाला, ओट्यासकट, हिरवागार रंग दिला. मालक लालासाहेबांनी त्याची पाठ थोपटली. झेंडूचे हार चढले, नारळ फुटला.

दसऱ्यानंतर भट्टी पेटली आणि कपिल माल टाकायला ओट्यावर चढला. मागे त्याच्यासोबतचा कामगार मानसिंग होता. त्याने कपिलचं शेवटचं बोलणं ऐकलं. "दादाचा पट्टा कुठं हाय रं, गड्या?" असं म्हणत कपिल खाली बघत पुढं सरकत होता. तेवढ्यात हात फिरला.

महेंद्र रडला नाही. उंब्रजच्या घरी आई ऊर बडवत होती आणि हा आल्यागेल्याला पाणी देत होता. मग कामावर गेला. ताट पुढं आलं की जेवायचा. भाजीत मीठ आहे की नाही, कळायचं नाही. कुणी विचारलं तर "बराय" म्हणायचा. बनाबाई म्हणाली, "आरं, एकदा रडून घे लेकरा."

"येत न्हाई, आये."

हरिबा त्याला बघितलं की वाट बदलायचा. महेंद्रला त्याचा रागसुद्धा येत नव्हता. एकच गोष्ट त्याने धरून ठेवली. ओट्यावर रंगाच्या जागी जाड सळई वेल्डिंग करून बसवायची, डोळे झाकून चाललं तरी पायाला कळेल अशी.

ती बसवल्यावर लालासाहेब कुरकुरले. "म्हेंदर, गिऱ्हाईक बघाया येतंय. वंगाळ दिसतंय ते. आन् माणसं अडखळत्याल."

"अडखळायलाच पायजेत, साहेब."

"आन् मी काढायला लावली तर?"

"मग मी हितं न्हाई."

आवाज चढला नव्हता. लालासाहेब मान खाली घालून निघून गेले आणि सळई राहिली.

पुढच्या खंडेनवमीला महेंद्र नागपूरला गेला नाही. पूजेसाठी सगळ्यांनी पायताणं बाहेर काढली होती. हरिबा ओट्यापाशी डबा घेऊन नुसताच उभा होता. वर्षभरात तो महेंद्रशी पहिल्यांदा बोलला. "दादा, हितं कुठला रंग मारू?"

"कुठला बी मार," महेंद्र म्हणाला आणि बाकीचं कवच बघायला ओट्यावरून तसाच पुढं निघाला. अनवाणी अंगठा सळईवर सणसणून आदळला. नख उचकटलं, रक्त आलं. तो मटकन खाली बसला.

हरिबा धावला, खांद्यावरचं धडपं फाडून त्याने अंगठा दाबून धरला. "लय दुखतंय का, दादा?"

महेंद्रने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून हंबरडाच फुटला. "कपिल... आरं, कपिल रं..." हरिबाचा खांदा धरून तो पोरासारखा रडत राहिला. हरिबाने पाय सोडला नाही. तोही रडत होता. त्या दिवशी भट्टीची पूजा दुपार टळल्यावर झाली.