स्पिरिटचा वास

स्पिरिटचा वास आला की मी आधी खुर्ची शोधतो. ऊस तोडताना वडिलांच्या पायाला कोयता लागला होता आणि गंगाखेडच्या डॉक्टरबाई टाके घालत होत्या. गावोगावच्या पोरींना डॉक्टरीला धाडणाऱ्या बाई म्हणून त्यांची ख्याती. आमच्या घरात मात्र डॉक्टर मी व्हायचं आणि बहिणीचं लग्न उरकायचं, असं ठरलेलं. लाईट गेली म्हणून बाईंनी मला बॅटरी धरायला सांगितली; रक्त दिसलं आणि मी बॅटरीसकट आडवा. बहिणीनं मला ओलांडून बॅटरी उचलली आणि जखमेवर नीट धरली. बाईंची सुई थांबली. "हिला डॉक्टरीला पाठवता का?" "बाई, लय दुखायलंय, आधी टाका घाला!" "आधी हो म्हणा." "पाठवतो, माय, पाठवतो!" आता मला इंजेक्शन बहीणच देते. सुई हातात घेण्याआधी नर्सला सांगते, "दादाला अगोदर आडवं करा."