वाढीव गुणांचा फुटबॉल

मी पोटासाठी फुटबॉल खेळलो, हे आमच्या शहरात कुणाला पटत नाही. औरंगपुऱ्यात बूट शिवायला दिले तर शिवणारे चाचा म्हणाले, "वो तो ठीक है मियाँ, मगर काम क्या करते थे?" लग्नाच्या बाजारात तर माझा बायोडेटा वाचून मुलीच्या काकांनी सरळ विचारलं होतं की क्रिकेट जमलं नाही का.

गोव्यात आणि कोलकात्यात मिळून माझं सगळं तरुणपण मी डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून काढलं. या जागेवरच्या माणसाला प्रसिद्धी मिळते ती चुकल्यावरच. टीव्हीवर मी दिसलो तो पाठमोरा, समोरच्यानं गोल मारल्यानंतर जाळीतून बॉल काढताना. तेवढ्यावरही माझ्या मामांनी गल्लीत पेढे वाटले.

खेळ संपल्यावर गावी आलो आणि एका मोठ्या शाळेत प्रशिक्षक झालो. पहिल्या दिवशी शाल पांघरली, नारळ दिला, 'शहराचं भूषण' म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून भूगोलाच्या बाई रजेवर असल्या की भूषणाला त्यांच्या वर्गावर शांतता राखायला पाठवू लागले. फुटबॉल कपाटात कुलूपबंद असायचे, कारण वापरले की खराब होतात. मैदान मुरमाचं. त्यावर पडलेल्या पोरीचं कोपर खरवडलं की आई गेटवर हजर, आणि मी गुन्हेगार.

मग दहावीचं वर्ष आलं की हेच पालक एकदम क्रीडाप्रेमी व्हायचे. आपल्याकडे खेळाडूला दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. जिल्हा जिंकून विभागाला गेलं की मिळतात, आणि खेळाडू प्रत्यक्ष मैदानात उतरलेला असला तरच मिळतात, असं पालक म्हणायचे. हा नियम नेमका कुठं लिहिलाय ते मला कुणी दाखवलं नाही, पण पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येक बापाला तो तोंडपाठ होता. ज्या पोरीनं नववीपर्यंत बॉलला पाय लावला नाही, तिच्यात आईबापांना अचानक उपजत खेळाडू दिसायचा.

त्या वर्षी माझ्या मुलींच्या संघात अकरा जणी खेळणाऱ्या होत्या आणि पाच जणी गुणांच्या. एक हाडांच्या डॉक्टरांची, एक बिल्डरची, एक क्लासवाल्यांची, उरलेल्या दोघी संस्थाचालकांच्या नात्यातल्या. मुख्याध्यापकांनी बोलावून चहा पाजला. "सर, समजून घ्या. या पाच जणींचे पाय मैदानाला लागले पाहिजेत. बाकी तुमचं तुम्ही बघा."

खेळणाऱ्या अकरांत एक पिशोर गावची होती. शिकायला मामाकडे राहायची. आमच्या मैदानावर मी पाहिलेली ती एकमेव पोर, जी बॉल पायात यायच्या आधी मान वळवून मागं बघायची. हे शिकवायला मला लोकांवर वर्षं घालवावी लागतात, ती घेऊनच आली होती. तिच्या वडिलांचा दर आठवड्याला फोन. "जयभीम सर. पोरगी शिकायला पाठवलीय, लाथा हाणायला नाय. ह्या वर्षी बघू. निवड झाली तर पुण्याला धाडतो, तिथं खेळणं बी हाय अन् शाळा बी. नाय झाली तर बॉल बंद, सायन्सचा क्लास चालू." माणूस वाईट नव्हता, सरळ होता. पुण्याच्या क्रीडा वसतिगृहाचे निवड करणारे गृहस्थ जिल्ह्याची फायनल बघायला येणार होते. तिला एवढी एकच मॅच मिळणार होती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आता माझी हुशारी ऐका. गुणांच्या पोरींना सगळे प्रशिक्षक शेवटच्या काही मिनिटांत उतरवतात. पण फायनल चुरशीची होणार, शेवटी पाच जणी अशा घातल्या तर खेळ खलास. म्हणून मी त्यांना सुरुवातीलाच उतरवलं. शिट्टी वाजली की तीन-चार मिनिटं कसंबसं तग धरायचं, मग पाचही जणींना बाहेर काढून खऱ्या खेळाडू आत. पाय मैदानाला लागले, गुण पदरात, पुढचा सगळा खेळ आमचा. या युक्तीवर मी इतका खूश होतो की आदल्या दिवशी बायकोला दोनदा सांगितली. ती म्हणाली, "आणि कुणाला लागलं तर?" मी म्हणालो, तुला फुटबॉलमधलं काय कळतं.

फायनलला नारळ फुटला, पाहुण्यांनी चप्पल घालून बॉलला लाथ मारली, टाळ्या पडल्या. पाच जणी उतरल्या. क्लासवाल्यांची बॉल आला की दोन्ही हातांनी वेणी धरायची. बिल्डरच्या पोरीला मी बॉल दिसला की बाहेर मार एवढंच सांगितलं होतं. तिनं तो आमच्याच पोरीच्या पायातून काढून बाहेर मारला. डॉक्टरसाहेब मोबाइल घेऊन रेषेवरून धावत होते, मुलीपेक्षा जास्त. गोल झाला नाही ही देवाची दया. मी पाचही बदल एका दमात केले. पंचानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी घरून भांडून आलोय. नियम साधा आहे: बदल पाचच, आणि बाहेर गेलेली पोर परत आत येत नाही.

पाच जणींना घेऊन पाच गाड्या निघून गेल्या. दुपारी टेस्ट होती म्हणे.

पिशोरच्या पोरीनं पहिल्या हाफमध्ये गोल मारला. तंबूतले पुण्याचे गृहस्थ खुर्ची पुढं ओढून बसले. दुसऱ्या हाफमध्ये तिला समोरून धडक बसली, पाय मुरमात अडकला आणि गुडघा पिळवटून ती पडली. मी पोचलो तोवर गुडघा सुजायला लागला होता. ती उठली, लंगडत दोन पावलं टाकली. "सर, मी खेळते. मला काय नाय झालं. काढू नका."

कोलकात्यात माझा गुडघा असाच सुजला होता. प्रशिक्षक वाकून म्हणाला होता, "खेळशील का?" मी हो म्हणालो. सुई टोचली, उतरलो, आणि पुढच्या धावेत आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. माझा खेळ तिथं संपला. त्या माणसाला मी आजवर शिव्या घालत आलोय, जेवताना सुद्धा.

मी तिचा दंड धरला आणि बाहेर आणलं. ती ओरडत होती, मी ऐकलं नाही. बाकावर बदली नव्हती, बाकावर नुसत्या पाण्याच्या बाटल्या होत्या. दहा जणी उरल्या. आम्ही दोन गोल खाल्ले आणि हरलो. पुण्याचे गृहस्थ जिंकलेल्या संघातल्या दोघींना बोलावून नावं लिहून घेत होते. मी जाऊन आमच्या पोरीचं सांगितलं. ते सभ्यपणे म्हणाले, "चांगली आहे. पण मी थोडीच पाहिली."

संध्याकाळी फोन सुरू झाले. हरलो म्हणजे विभाग गेला, विभाग गेला म्हणजे गुण गेले. बिल्डर म्हणाले, "सर, एका पोरीच्या नादात पाच पोरींचं नुकसान केलंत." मुख्याध्यापकांनी या वेळी चहा पाजला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी त्याच हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. वडील पहाटेच्या एसटीनं आले होते. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, गुडघा वाकवला, सरळ केला. मुलीच्या गुणांचा राग त्यांच्या चेहऱ्यावर होता, पण तपासणी नीट केली. "काही तुटलेलं नाही. मुरगळलाय. आठवड्यात धावेल." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "खेळली असती तरी चाललं असतं. मी असतो तर तिथंच सांगितलं असतं." ते नव्हते, कारण ते गाडी घेऊन टेस्टला गेले होते. संताप असा आला की टेबलावरचा प्लास्टिकचा सांगाडा उचलून फेकावासा वाटला.

बाहेर बाकावर वडील म्हणाले, "जाऊ द्या सर. पाय शाबूत हाय, लई झालं. सोमवारपासनं क्लास लावतो." त्यांनी माझे आभार मानले. ते आभार मला नको होते.

ते औषधं आणायला गेले तेव्हा पोरगी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. आवाज चढवला नाही. "सर, गुडघा माझा व्हता ना? मंग मला का नाय इचारलं?"

मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठी. म्हणताना ते मलाच पोकळ वाटलं. ज्याला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्यानं निदान विचारलं तरी होतं.