मीठमास्तरांचे धागे

मीठमास्तर जेवताना भाजीत वरून मीठ कधी घेत नसत, आणि प्रयोगशाळेत मात्र त्यांना पोतंभर मीठही कमी पडे. नगरच्या आमच्या नव्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. मीठमास्तर हे नाव मुलांनी ठेवलेलं. सरांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

रविवारी सकाळी ते सायकलला डबा अडकवून चाँदभाई खाटकाकडे जात. डब्यात सोडावॉटरवाल्याकडचा बर्फ असे. कोकराच्या मानेखालची एक मऊ गाठ, तेवढीच त्यांना हवी असे. चाँदभाई दर वेळी विचारत, "सर, लोक मटन नेत्यात, तुमी निसती गाठ नेता. बाईसाहेबांना ठाऊक हाय ना?"

ती गाठ वाटून कडक मिठाच्या पाण्यात घातली की भेंडीसारखं बुळबुळीत द्रावण होई. ते साध्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात हळूहळू ओतलं, की मीठ पातळ होऊन पांढरे धागे वर येत. सर ते काचेच्या कांडीवर गुंडाळत. एरवी पुस्तकी मराठी बोलणारे सर तेव्हा थेट आपल्या गावच्या बोलीवर, पुणतांब्याला पोचत. "आलं बघ! लई भारी!" ज्याला आता शाळकरी पोरंही डीएनए म्हणतात, तेच हे. त्या वेळी त्याचं नाव उच्चारतानाच आमची जीभ अडखळे.

पुढे ते धागे धुऊन, शुद्ध करून निव्वळ पाण्यात विरघळवायचे आणि ते द्रावण बारीक नळीतून खाली यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. सर म्हणत, "शुद्ध पाण्यात हा गडी हातपाय ताणून बसतो, म्हणून दाट. चिमूटभर मीठ टाकलं की अंग चोरतो, की झालं पातळ."

महायुद्ध संपलं होतं, पण रॉकेलची टंचाई संपली नव्हती. पाणी ऊर्ध्वपातित करायचं, म्हणजे उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करायची, तर स्टोव्ह तासन्‌तास जाळावा लागे. मी शहाणपणा केला. कॉलेजच्या विहिरीचं पाणी कापडातून गाळलं आणि सरांनी 'शुद्ध पाणी' असं लेबल लावलेल्या बाटलीत भरलं. दिसायला अगदी स्वच्छ होतं.

त्या पाण्यातलं द्रावण नळीतून सरसर खाली आलं. सरांनी चार वेळा मोजलं आणि निष्कर्ष काढला, की परदेशी संशोधकांनी मोजलेल्या वासराच्या रेणूपेक्षा नगरच्या कोकराचा रेणू आखूड आहे! आकडे त्यांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेला पाठवले. तिथे संशोधनाची एकच जागा होती आणि सरांचा जीव तिच्यावर होता.

दोन दिवस मी विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांचाच विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी मी सगळं सांगून टाकलं. सरांनी बाटलीतलं पाणी जिभेवर घेतलं, त्यातला खारटपणा ओळखला आणि खो खो हसत सुटले. "बिचारं कोकरू! उगीच बदनाम केलं त्याला!" नंतर माझ्याकडून स्टोव्ह पेटवून घेतला आणि पाणी तयार होईपर्यंत शेजारी बसून राहिले. त्या पाण्यात द्रावण इतकं दाट झालं, की नळीतून खाली यायला दुपटीहून जास्त वेळ लागला.

त्याच दिवशी त्यांनी पुण्याला पत्र लिहिलं आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट उघडं होतं, मी वाचलं. लिहिलं होतं, "पाणी मी तपासले नाही. चूक माझी." माझं नाव कुठेच नव्हतं. मी परत जाऊन भांडलो, तर म्हणाले, "वसंता, बाटलीवरचं लेबल माझ्या हातचं हाय. जा, टाक पत्र."

जागा दुसऱ्याला मिळाली. सर आणखी तीन वर्षं नगरलाच राहिले. मग मुंबईहून बोलावणं आलं आणि ते गेले. मला जे काही रसायनशास्त्र येतं, ते त्या तीन वर्षांतलं. ते गेले त्या दिवशी स्टेशनवर मी रडतच म्हणालो, "सर, माझ्यामुळे तुमची तीन वर्षं गेली. आणि खोटं कशाला बोलू, तुम्ही राहिलात याचा मला आनंद झाला होता."

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शिकलास न्हवं? मग वाया काय गेलं?"