वरच्या मजल्यावरचं अद्वैत

माझ्या याद्यांना पुरून उरलेला माणूस आयुष्यात एकच भेटला: आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. महाडात राहायचं तर पावसाळ्याआधी यादी हवीच. नदीचं पाणी बाजारपेठेत शिरायला लागलं की आधी काय उचलायचं, मग काय, हे मी वहीत लिहून ठेवते. कागदपत्रांची पेटी, तांदूळ, मिक्सर, गाद्या. शेवटचा रकाना ‘कोणाचे’. कारण तळमजल्यावर आमची चार घरं, आणि चौघांचं सामान जायचं काकांच्या एकाच खोलीत. काका त्या रकान्यावर बोट ठेवून दरवर्षी विचारत, “हा कशाला गो? दोन हायत कुठं, कोणाचं म्हणून विचारायला?”

काका मूळचे नाते गावचे. बिरवाडीला एका कारखान्यात वायरमन होते. निवृत्तीनंतर अद्वैत वाचायला लागले आणि जुन्याच हत्यारांनी ते आम्हाला शिकवायला लागले. “बल्ब, पंखा, मिक्सर. नावं निराळी, कामं निराळी, आत करंट एकच. ते ब्रह्म. बल्बाला वाटतं, उजेड माझाच. ते अज्ञान. आणि बल्ब गेला म्हणून करंट मेला काय?” एवढ्यावर शेजारच्या वहिनींना आत्मा कळला. मला मिक्सर दुरुस्तीला टाकायचा राहिलाय हे आठवलं.

शिकवलेलं ते आचरणातही आणत. दाराशी दिसेल ती छत्री घेऊन निघत आणि स्वतःची कुणीही न्यावी म्हणून बाहेरच ठेवत. कुणी नेत नसे, तिच्या चार काड्या तुटलेल्या होत्या. पोलादपूरला एका लग्नाला माझ्या मिस्टरांच्या चपला घालून गेले आणि आले ते तिसऱ्याच कुणाच्या घालून. “बघ, आपसूक मापाच्या मिळाल्या,” म्हणाले. मिस्टर आठवडाभर स्लिपरवर ऑफिसला गेले.

अंधारात दोरीला साप समजणं हा त्यांचा लाडका दाखला. एकदा जिन्याखाली लांबट काही दिसलं आणि काका थेट पाचव्या पायरीवर. मी म्हटलं, “काका, दोरी असेल ना?” “ते बघायला आधी बॅटरी आण! अज्ञान उजेडानं जातं, छाती काढून नाय जात!” उजेडात धामण निघाली. काकांनी तिला नमस्कार केला, पाचव्या पायरीवरूनच.

पाणी आलं की मात्र काका जिन्याच्या तोंडाशी बसून वर येईल ते हातात घेत. एकदा गुडघाभर पाण्यातून मिस्टरांनी चिडवलं, “काका, पाणी मिथ्या ना?” वरून आवाज आला, “मिथ्याच हाय. पण तुझे गुडघेपण त्याच भावाचे. उचल गादी!” पाणी ओसरलं की आमच्या उशा वहिनींकडे आणि वहिनींचा कुकर आमच्याकडे. माझा रकाना वहीतच राही.

गेल्या वर्षी काकांच्याच गुडघ्यांनी जिना नाकारला. मुलगा मुंबईहून न्यायला आला आणि खोली भाड्याने द्यायचं बोलू लागला. मला दोन काळज्या होत्या. एक, काका जाणार. दोन, आमचं सामान कुठे जाणार. (आधी हा क्रम उलटा लिहिला होता, मग खोडला.) काका मुलाला म्हणाले, “खोली कोणाची ते मला इतक्या वर्षांत ठरवता नाय आलं, तू भाडं कोणाच्या नावानं घेणार?” मुलगा हसला. किल्ली माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लागली आणि काका तुटकी छत्री दाराबाहेर ठेवून गेले.

यंदा पाणी आलं तेव्हा मिस्टर ड्यूटीवर होते. जो तो आपापलं चढवत होता. प्रत्येक वस्तूसाठी मी वर गेले, ठेवली, खाली आले. यादी तंतोतंत पुरी झाली, एकही उशी इकडची तिकडे झाली नाही आणि याचा मला काडीचा आनंद झाला नाही.

संध्याकाळी काकांचा फोन आला. मी म्हटलं, “सगळं वर गेलं. पण वर घ्यायला कुणी नव्हतं.”

“अगो, देणारी तूच, घेणारी तूच. दोन नायतच.”

“मग या, आणि एकट्याने गादी जिन्यातून चढवून दाखवा.”



“बरं,” काका म्हणाले, “तेवढ्यापुरते दोन असू देत.”