पित्तरपाट्यातलं कूपन

साखऱ्यात मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतो. माझ्या जुन्या लॅपटॉपचं काना उमटवणारं बटण मोडलेलं. 'शाळा' लिहायला गेलो की 'शळ' उमटायचं. यंदा नव्या लॅपटॉपसाठी चांगलं घसघशीत कूपन आलं, तेही नेमकं पितरांच्या पंधरवड्यात. मुदत सर्वपित्री अमावस्येपर्यंत.

"पित्तरपाट्यात नवी वस्तू घरात आणत न्हाईत," आई म्हणाली.

"मंग दसऱ्याला कूपन तू देशील का?" मी खेकसलो.

"तुझ्या बापाचं पहिलं वरीस हाय रे."

अमावस्या झाली, कूपन गेलं. घरात मला "नवा घेऊन टाक, काहून अडून राहिला?" असं म्हणणारे एकटे वडीलच होते. यंदा त्यांच्याच नावानं अडलो.