जगाच्या पंचनाम्यावर माझी सही

या भुताखेतांच्या सदरातले अनुभव मी दुकानात बसून मोठ्याने वाचायचो... गिऱ्हाइकांना हसवायला. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी — आपला यातल्या कशावरच काडीचा विश्वास नव्हता. अजूनही भूत म्हटलं की मला हसूच येतं. तेव्हा हे घाबरून लिहीत नाहीये. लाज वाटते म्हणून लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा तालुक्यात जवळा बाजार आहे. तिथे आठवडी बाजाराच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्ज लिहून देणं आणि एक बिनपगारी काम — पंच होणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुठे झाड पडलं, भिंत कोसळली, जनावर दगावलं की सरकारी माणूस जागेवर जाऊन पंचनामा लिहितो आणि 'आम्ही समक्ष पाहिलं' म्हणून गावातले दोन पंच खाली सह्या करतात. आता उन्हातान्हात जागेवर कोण जातंय? कागद दुकानात यायचा, मी चहाचा घोट घ्यायचो आणि सही ठोकायचो. कधी कधी कागद कोराच असायचा, मजकूर मागाहून. माझ्या सहीखाली दोन रेघा आणि एक टिंब. लोक म्हणायचे, सही असावी तर अशी! मी फुगायचो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या गयामावशीची म्हैस वीज पडून मेली. नवरा आधीच गेलेला, त्या एका म्हशीच्या दुधावर घर चालायचं. मी कोऱ्या कागदावर सही करून दिली आणि त्यावर नंतर 'आजाराने मृत' असं लिहिलं गेलं. लिहिणाऱ्याची चूक होती की आळस, मी विचारलं नाही. विजेने गेलेल्या जनावराची मदत मिळते, आजाराने गेलेल्याची नाही. मावशीचं दूध बंद झालं आणि ती बाजाराच्या दिवशी माझ्याच दुकानासमोर पोतं अंथरून पालेभाजी विकायला बसू लागली.

पंच कोण होता हे तिला ठाऊक नसावं, असं मी धरून चाललो होतो. कारण उठताना दर बाजाराला ती मेथीची एक जुडी माझ्या काउंटरवर ठेवायची. "लेकरायला करून घाल," म्हणायची. आणि मी ती जुडी घरी न्यायचो... निर्लज्जासारखा न्यायचो.

तर मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. बाजाराचा दिवस, दुपारचे साडेतीन. दुकानासमोर एक पिकअप थांबली आणि दोघं उतरले. एक उंच, किडकिडीत, पांढरा सफारी, कडक इस्त्री — आणि त्या उन्हात पाठीवर घोंगडी! घोंगडीखाली दोन्हीकडे फुगवटा. दुसरा ड्रायव्हर. त्याने डोक्याला रुमाल बांधला होता आणि रुमाल दोन ठिकाणी आतून वर आला होता. गाडीत ताडपत्रीखाली काहीतरी भलंमोठं होतं. ते श्वास घ्यायचं तेव्हा ताडपत्री वर यायची आणि गाडी करकरायची. बाजारातली सगळी कुत्री येऊन गाडीपुढे ओळीने बसली. एकही भुंकेना.

हे सगळं मला दिसत होतं बरं का. पण मी मोबाइलवर व्हिडिओ बघत होतो.

"दोन पंच हवे होते," सफारीवाला म्हणाला.

"करा पुढे," मी म्हणालो. कशाचा पंचनामा, कुठला... काही नाही. नेहमीसारखी सही केली. दोन रेघा, टिंब.

"याची एक प्रत द्या."

मी झेरॉक्स काढली आणि मान वर केली, तर बाजार थांबलेला. समोरच्या कांदेवाल्याचा तराजू अर्धवट तिरका, तसाच. पाणी पिणाऱ्या एका बाईच्या तांब्यातली धार हवेत. मी झेरॉक्स काउंटरवरच टाकून बाहेर आलो. हलत होतो ते आम्ही तिघं... आणि गयामावशी. ती पिकअपपाशी उभी राहून ताडपत्रीच्या फटीत मेथी कोंबत होती.

"कवापासून उपाशी हाय हे?" ती ड्रायव्हरला विचारत होती.

"दुनिया बनी तब से, अम्मा. आज शाम को खायेगा."

"काय खाईल?"

"सब."

"आन् तवर काहून उपाशी ठेवून राहिले? मुकं जनावर हाय ते." फटीतून पायपुसण्याएवढी जीभ बाहेर आली, जुडी आत गेली आणि ताडपत्रीखालून मांजरासारखी गुरगुर ऐकू आली. ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला.

सफारीवाल्याने मावशीपुढे कागद आणि शाईचं पॅड धरलं. "इथे अंगठा."

मावशीने हात पदराला पुसला, पण पुढे केला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "वाचून दाखव."

मी पहिल्यांदाच तो कागद वाचला. मोठ्याने. 'पृथ्वी या मिळकतीची पंचांनी समक्ष पाहणी केली असता, दुसऱ्याच्या भुकेची विचारपूस करणारा एकही इसम आढळून आला नाही. सबब सदर मिळकत आज सूर्यास्तापूर्वी संपविण्यास पंचांची हरकत नाही.' खाली माझी सही. माझी बायको, माझी दोन लेकरं, हा सगळा बाजार... कुणालाही संपवायला माझी हरकत नव्हती!

"समक्ष म्हंजी?" मावशीने विचारलं.

"म्हणजे... स्वतः जाऊन, डोळ्यांनी बघून."

"तू गेलता बघायला?"

मी मान हलवली. नाही.

"मग सही कशी केली रं?" आवाज चढवला नाही तिने, आणि तेच जास्त लागलं. मग ती सफारीवाल्याकडे वळली. "ह्ये खोटं हाय, साहेब. आत्ताच म्या ह्या जनावराची भूक इचारली. तुमी हितंच हुबे व्हते. म्या काय इसम न्हाई का? अंगठा मिळायचा न्हाई."

सफारीवाल्याने माझ्या हातातून कागद काढून घेतला. "एका पंचावर पंचनामा होत नाही," तो म्हणाला. त्याने कागदावर 'फेरपाहणी करावी' असा शेरा मारला. वाकताना घोंगडी घसरली आणि मी पंख पाहिले. पांढरे, सोयाबीनच्या भुसकटाने माखलेले. गावोगाव हिंडला असणार बिचारा. माझ्यापेक्षा जास्त समक्ष. ड्रायव्हर "फिर चक्कर मारना पडेगा" असं पुटपुटत गाडीत बसला. पिकअप निघाली आणि बाजार पुन्हा बोलायला लागला. तराजू खाली आला, धार बाईच्या तोंडात पडली, कुत्री एकमेकांवर धावली.

मावशी जाऊन आपल्या पोत्यावर बसली आणि भाजीवर पाणी शिंपडू लागली. मी तिच्यापाशी उकिडवा बसलो.

"मावशी, तुझ्या म्हशीच्या टायमाला..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "कागदाची नक्कल आणली व्हती म्या. नातीनं वाचून दाखवली. खाली तुझं नाव. तवापासून वाचल्याबिगर म्या कुठंच अंगठा लावत न्हाई."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जग खरंच संपलं असतं तर बरं, असंही क्षणभर वाटून गेलं. "मग दर बाजाराला मेथी काहून देत होतीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच वेडा. "तुझ्या लेकरायनं सही केलती का?"

दुकानात येऊन ती झेरॉक्स उलटी करून पाहिली. मजकूर गायब. अख्खा कागद कोरा आणि तळाशी माझी सही. दोन रेघा, टिंब. मशीन मेकॅनिककडून तपासून घेतलं, काही बिघाड नाही. कांदेवाल्याला विचारलं, तर म्हणे कुठली पिकअप? मावशीला विचारलं की म्हणते, "जनावर गुणी व्हतं." याउपर मला काही उलगडलेलं नाही.

'म्हशीचा पंचनामा खोटा होता, मी जागेवर गेलोच नव्हतो' असा अर्ज मी त्याच आठवड्यात लिहिला. तो अजून खणात आहे, त्या कोऱ्या कागदाखाली. हे मात्र अमानवीय वगैरे काही नाही, मी भितोय. चार लोकांत नाव जाईल म्हणून. आणि अजूनही दर बाजाराला मेथी येतेच. आता ती माझ्या घशाखाली उतरत नाही, लेकरं खातात.

म्हणून हे इथे लिहिलं. तुम्ही इथवर आलात म्हणजे सगळं वाचलंत, माझ्यासारखं नाही. आता तुम्हीच पंच. उद्या तहसील ऑफिस उघडलं की अर्ज घेऊन जातो, आणि जायच्या आधी तो मावशीला वाचून दाखवतो.